पुण्याचे टायर

आमच्या घरी चारचाकी नाही, दुचाकीही नाही. तरी गेल्या पावसाळ्यात आमच्या माळ्यावर गाडीचे चार कोरे टायर होते. ते आमच्याकडेच का आले हे सांगायचं तर आधी आमच्या क्लबातल्या संशयाबद्दल सांगावं लागेल, कारण टायर माळ्यावर चढले ते त्या संशयामुळेच.

मी रत्नागिरीत मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. वडील मुंबईला एका कॅन्टीनमध्ये कामाला आहेत, गणपतीला आणि शिमग्याला घरी येतात. एरवी घरी आई आणि मी. घर मिरजोळ्याच्या पुढे, एसटी सोडून थोडं आत चालत गेलं की येतं. कॉलेजची पहिली दोन वर्षं मी कुणाशी फारसं बोलले नाही. बोलताना तोंडून घरातला एखादा शब्द निघेल आणि कुणीतरी हसेल असं वाटायचं. कुणी हसलं नव्हतं. तरी वाटायचं.

कॉलेजच्या मोटार क्लबात मी शिरले ती अशीच. मला गाडी चालवता येत नाही. पण त्यांना फेरीची वेळ मोजणारं माणूस हवं होतं आणि मुलांना ते काम नको होतं, सगळ्यांना स्टिअरिंगजवळ राहायचं होतं. क्लब बघणारे सर म्हणाले, "हिला द्या. ही बडबड करत नाही." मला ते कौतुक वाटलं. अजूनही वाटतं, बहुतेक.

आमचा क्लब ऑटोक्रॉस खेळतो. मोकळ्या डांबरी जागेत खुणा मांडून वळणावळणाची वाट आखतात आणि एका वेळी एकच गाडी त्या वाटेने घड्याळाविरुद्ध सुटते. समोर दुसरी गाडी नसते, त्यामुळे धडकण्याची भीती कमी, पण खुणेला धक्का लागला की दंड. आमच्याकडे शर्यतीचे शंकू पुरेसे नव्हते. मच्छीमार जाळ्याला बांधतात ते प्लास्टिकचे कॅन आम्ही अर्धे कापून उपडे मांडायचो. ते आमच्या ड्रायव्हरने आणले होते. त्याचं घर खाडीजवळ, आजोबांची होडी होती, वडील आखातात. तो शेवटच्या वर्षाला होता, आणि डिसेंबरात घाटावर होणाऱ्या आंतरकॉलेज स्पर्धेत गाडी त्याने चालवायची असं ठरलेलं होतं. कॉलेज संपायच्या आधीची ती त्याची एकच स्पर्धा. पुढे गाड्यांच्या चाचणीचं काम मिळवायचं तर दाखवायला काहीतरी हवं, असं तो एकदा चहा पिताना म्हणाला होता, आणि लगेच हसण्यावारी नेलं होतं.

स्पर्धेसाठी टायर निवडायचे होते. हे टायर रस्त्यावर चालवायची परवानगी असलेलेच असतात, पण रबर मऊ असतं आणि तापल्यावर रस्ता धरून ठेवतं. साधा टायर वळणावर किंचाळत घसरतो तिथे हे टायर गप्प राहतात. झिजतात मात्र लवकर. आमच्यापुढे दोन पर्याय होते. एक संच क्लबाच्या कॅप्टनच्या ओळखीतून पुण्याहून जूनमध्येच आला. दुसरा मिळणार होता ड्रायव्हरच्या मामूच्या दुकानातून. मामूचं टायरचं दुकान स्टँडच्या बाजूला आहे आणि त्या कंपनीचा माल रत्नागिरीत फक्त त्याच्याकडेच येतो. आम्ही त्यांना तशीच नावं पाडली, पुण्याचे टायर आणि मामूचे टायर. ज्या संचावर गाडी जास्त लवकर येईल तो स्पर्धेला न्यायचा.

कॅप्टन वर्गात हुशार, बोलायला नीटनेटका, शहरातला. त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं, "पुण्याचे टायर मामूच्या गोडाऊनला ठेवायचे नाहीत."

ड्रायव्हर म्हणाला, "का रे? मामू टायर खातो काय?"

"तसं नाही. पण निकाल लागल्यावर कुणी बोलायला नको."

"कोण बोलणार हाय? तूच ना?"

कॉलेजचं शेड गळत होतं. कॅप्टनच्या फ्लॅटमध्ये जागा नव्हती. होस्टेलवर ठेवले तर कुणीतरी त्यांची आरामखुर्ची केली असती. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कुणाच्या बाजूची नव्हते, म्हणून टायर माझ्याकडे. एका टेम्पोतून ते घरी आले तेव्हा आई अंगणात उभी होती. तिने कागदात गुंडाळलेले ते काळे वाटोळे बराच वेळ बघितले आणि विचारलं, "तुज्या कालेजाची चाकां?"

"हो. जपून ठेवायचीत. परत जशीच्या तशी द्यायची आहेत."

"जशीच्या तशी कशाला? त्यापेक्षा बरी देऊया," आई म्हणाली.

आम्ही दोघींनी ते माळ्यावर चढवले. आईने खाली फळ्या टाकल्या, त्यावर पोती, वरून स्वतःची जुनी साडी. नंतर मी अभ्यासाला लागले आणि त्या चार महिन्यांत माळ्यावर चढले नाही. पावसात आमच्याकडे सगळ्यालाच बुरशी येते, पुस्तकांना, पट्ट्याला, देवाच्या चौरंगाला. माझं दप्तरसुद्धा दर आठ दिवसांनी पुसावं लागतं.

पाऊस गेला, ऊन कडक झालं, आणि चाचणीचा दिवस ठरला. जागा मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीतली, एका बंद कारखान्याच्या मागचं मोठं डांबरी आवार. कडेला जांभा दगड रचलेला, त्याची लाल पूड वाऱ्याने डांबरावर येते, म्हणून सकाळी आम्ही सगळे खराटे घेऊन झाडत होतो. आदल्या दिवशी चाकांवर टायर चढवायचं काम मामूच्या दुकानातच करावं लागलं होतं, कारण ते मशीन दुसरीकडे नव्हतं. कॅप्टन तिथे पूर्ण वेळ उभा राहिला. काम करणारा माणूस पुण्याचा टायर हातात घेऊन म्हणाला, "तुकतुकीत हाय माल." कॅप्टनला त्यातही काहीतरी वाटलं. त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, "दुसऱ्याच्या मालाची स्तुती दुकानदाराचा माणूस कधी करतो का? लक्ष ठेव."

मी लक्ष ठेवू लागले. लक्ष ठेवायला सांगितलं की सगळंच दिसायला लागतं.

आधी मामूचे टायर लावले. तीन फेऱ्या झाल्या, तिन्हींच्या वेळा जवळजवळ सारख्या आल्या. गाडी थांबली की मी हवेचा दाब बघायची आणि तापमापकाने रबर किती तापलं ते बघायची. शिवाय माझं एक काम होतं खडूचं. फेरीआधी टायरच्या कडेवर, जमिनीला लागतो तो भाग आणि बाजूची भिंत यांच्या मध्ये, खडूने आडव्या रेघा मारायच्या. वळणावर टायर किती कलंडतो ते खडू कुठपर्यंत पुसला यावरून कळतं आणि त्यावरून हवा कमीजास्त करायची. मामूच्या टायरवर रेघा छान उठल्या.

मग पुण्याचे लावले. चाकं बदलताना कॅप्टन चारही चाकांचे नटबोल्ट स्वतः तपासत होता. मी खडू घेतला आणि रेघ मारली. रेघ उठली नाही. खडू नुसता घसरला, फिकट धुरकट डाग पडला. मी दुसरा खडू घेतला. तेच. वाटलं, खाडीकडची हवा, खडू सादळला असेल. कुणाला सांगावं का, असंही वाटलं, पण सगळे घाईत होते आणि खडू सादळला हे सांगण्यासारखं नव्हतं. मी जमेल तशा पुसट रेघा मारल्या.

पहिली फेरी फारच वाईट गेली. तिसऱ्या वळणावर गाडी वळलीच नाही, सरळ पुढे सरकत गेली आणि दोन कॅन उडाले. ड्रायव्हर उतरला, पुढच्या चाकापाशी उकिडवा बसला.

"पुढनं पकडच नाय," तो म्हणाला. "साबणावर चालवल्यासारखा वाटता."

"नवीन आहेत. तापू दे," कॅप्टन म्हणाला.

दुसरी फेरी किंचित बरी, पण मामूच्या टायरपेक्षा खूपच मागे. ड्रायव्हर पुन्हा उतरला, नाक आक्रसून म्हणाला, "वास कसला येतो? कोण भजी तळतंय काय?"

दोन पोरं हसली. एकाने वॉचमनच्या खोपीकडे बोट दाखवलं. मलाही तो वास आला, ओळखीचा वाटला, पण दुपार होत आली होती आणि वसाहतीत कुणाचं ना कुणाचं जेवण शिजत असतंच.

कॅप्टन हसला नाही. तो ड्रायव्हरजवळ गेला. आवाज चढवला नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हे बघ, गणपतीपुळ्याला पर्यटक नेतोस तसं चालवू नकोस. मागे काकू बसलेल्या नाहीत उलटी करायला."

ड्रायव्हर सुट्टीच्या दिवशी मामूच्या ओळखीच्या टॅक्सीवर जायचा, सगळ्यांना ठाऊक होतं. तो म्हणाला, "काकू परवडल्या. त्या टोमणे मारत नाहीत."

"मग पळव."

"पळवतोच हाय."

तिसरी फेरी त्याने घेतली आणि वेळ चांगली सुधारली. चौथी आणखी सुधारली. पाचवीला पुण्याचे टायर मामूच्या टायरच्या अगदी जवळ येऊन पोचले. मी वेळ ओरडून सांगितली तेव्हा कुणीही टाळी वाजवली नाही. सगळे कॅप्टनकडे बघत होते. कॅप्टन मान हलवत म्हणाला, "बघितलंत? बोलल्यावर पळाली."

खात्री करायला शेवटी मामूचे टायर पुन्हा लावले. वेळ सकाळच्यासारखीच आली, तंतोतंत म्हणावी इतकी. म्हणजे वाट बदलली नव्हती, ऊन वाढल्याने काही झालं नव्हतं, गाडीही तीच होती. बदलला होता तो फक्त पुण्याच्या टायरचा वेग, आणि तोही ड्रायव्हरला बोलणी बसल्यानंतर. मी चाकं उतरवायला मदत करत होते. पुण्याच्या टायरच्या कडेला जांभ्याची लाल पूड कुंकवासारखी चिकटून बसली होती. मामूच्या टायरवर ती नव्हती. मी हाताने झटकली, निघाली नाही. आणि तेव्हा माझ्या मनात जे आलं ते असं की ड्रायव्हरनेच काहीतरी लावलं असेल. आदल्या दिवशी, मामूच्या दुकानात, कॅप्टनची पाठ फिरली तेव्हा.

हे मी कुणाला बोलले नाही. पण तो चहाचा ग्लास पुढे करत "टायमर मॅडम, घ्या" म्हणाला तेव्हा मी ग्लास घेतला आणि त्याच्या बोटांकडे बघितलं. बोटं काळी होती. तशी सगळ्यांचीच होती.

दुपारनंतर सर आवारात आले आणि त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ते म्हणाले, मुद्दाम गाडी हळू चालवणं ही लहान गोष्ट नाही, तसं असेल तर त्याला स्पर्धेला नेता येणार नाही, कॅप्टन चालवेल. कॅप्टन हात मागे बांधून उभा होता. मला वाटलं, याला तेच तर हवं नसेल ना? त्या दिवशी कुणाबद्दलही चांगलं वाटून घ्यायला माझं मन तयार नव्हतं.

मग सर माझ्याकडे वळले. "तू सगळ्या फेऱ्या बघितल्यास. वेळ तू घेतलीस, टायर तू हाताळलेस. त्याने मुद्दाम केलं का? आत्ता नको सांगू. सोमवारी विचार करून सांग. तू सांगशील तसं ठरवू."

मला आजवर कुणी असं काही विचारलं नव्हतं. घरी विचारतात, पण ते भात किती लावायचा एवढंच.

संध्याकाळी मी एसटीची वाट बघत थांब्यावर उभी होते, क्लबातली दोन पोरं पलीकडच्या टपरीवर होती. ड्रायव्हर मोटरसायकलवरून आला, थांबला, इंजिन चालूच ठेवलं.

"अगो, तुझं घड्याळ बरोबर हाय ना?"

"हो."

"मग बरोबर. मी पहिल्या फेरीला पण तेवढाच जोर लावला होता. एवढंच सांगायचं होतं."

"मग गाडी पळाली का नाही?"

"ताच तर मला कळत नाय." त्याने हेल्मेटची पट्टी उगाच घट्ट केली. "मामूने मला काय सांगितला नाय आणि मी मामूला काय सांगितला नाय. टायर मामूचे घेतले काय नि पुण्याचे घेतले काय, चालवायला मिळूदे, बस."

मी म्हटलं, "बरं." तो गेला. तो खरं सांगत होता की मला गुंडाळत होता, हे मी एसटीत पूर्ण वाटभर उलटसुलट करत राहिले. खरं बोलणारा माणूस थांब्यावर शोधत येईल का? आणि खोटं बोलणारा तरी का येईल? ज्याने टायरला काही लावलं असेल तो वास कसला येतो असं सगळ्यांसमोर विचारेल? की मुद्दामच विचारेल? मी त्याच्या बाजूने एक गोष्ट शोधली की तीच त्याच्या विरुद्धही बसायची.

रविवारी सकाळी आई पडवीत बसली होती. पाऊस संपला की ती घरातल्या सगळ्या वस्तू उन्हाला काढते. वडिलांची चामड्याची चप्पल, छत्र्या, चौरंग, पेटीचा कातडी पट्टा. एक फडकं आणि वाटीत खोबरेल. फडकं वाटीत बुडवायचं, पिळायचं, वस्तू घासायची, उन्हात ठेवायची. हे मी जन्मापासून बघत आले. बुरशी पुन्हा धरत नाही आणि कातडं फुटत नाही.

उन्हाने वाटी तापली होती आणि तेलाचा वास उठला. त्या वासाने मी होते तिथेच थांबले.

आईने मान वर न करताच विचारलं, "चाकां कशी दिसली गो? चकचकीत व्हती ना?"

मी विचारलं, "तू त्यांना तेल लावत होतीस?"

"मग काय? आषाढात पांढरी बुरशी धरली व्हती वरनं. तुला अभ्यास व्हता म्हणून सांगितला नाय. दर पंधरवड्याला पुसत व्हते. सगळीकडनं, त्या खाचांतनंसुद्धा. काडीला फडकं गुंडाळून." ती आता माझ्याकडे बघत होती. तिला शाबासकी हवी होती असं नाही, पण ती ऐकायला थांबली होती. "कालेजात काय म्हणाले?"

"तुकतुकीत आहेत म्हणाले," मी सांगितलं. ते खोटं नव्हतं.

"बघ," आई म्हणाली, आणि चप्पल उलटी करून तळ पुसू लागली.

माझ्या डोक्यात सगळं एकामागोमाग एक येऊन बसलं. न उठलेला खडू. चिकटलेली लाल पूड. भज्यांचा वास. फेरीगणिक वाढलेला वेग, कारण प्रत्येक फेरीत तेलाने मऊ झालेला वरचा थर घासून निघत होता आणि खालचं चांगलं रबर वर येत होतं. कॅप्टनच्या बोलण्याचा त्याच्याशी संबंध नव्हता. ड्रायव्हरला कुणी काही बोललं नसतं तरी वेळ तशीच सुधारली असती. आमच्या पुस्तकात तेल आणि रबर यांच्यावर एक अख्खं प्रकरण आहे, मी त्यावर परीक्षेत लिहिलंही होतं.

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण त्याच्या पाठोपाठ दुसरं आलं. सोमवारी हे सांगायचं म्हणजे सरांसमोर, कॅप्टनसमोर सांगायचं की माझ्या आईने शर्यतीच्या टायरला खोबरेल चोळलं. मला ते हसणं आधीच ऐकू येत होतं. आणि ते माझ्यावर नसतं, आईवर असतं, जी तिथे नसणार. शिवाय विश्वास कोण ठेवणार? कॅप्टन म्हणेल, ड्रायव्हर हिला थांब्यावर भेटला होता, आम्ही बघितलं. ही गोष्ट दोघांनी मिळून रचली. मी त्याच्या जागी असते तर मला तसंच वाटलं असतं. शनिवारपासून मी दुसरं केलं तरी काय होतं?

काहीच न सांगणंही सोपं होतं. "मला नक्की कळलं नाही" एवढं म्हटलं तरी पुरलं असतं. ते माझ्या स्वभावाला शोभूनही दिसलं असतं. ड्रायव्हरची जागा मात्र गेली असती.

दुपारी मी आईला विचारलं, "ते तेलाचं फडकं मला देशील? आणि थोडं तेल?"

"कालेजात कशाला?"

"दाखवायला. बुरशी कशी घालवायची ते."

तिला ते पटलं. तिने बाटली धुऊन, पुसून, त्यात तेल भरून दिलं. वर स्वच्छ फडकं दिलं, मळलेलं देऊ देईना.

सोमवारी शेडमध्ये सर, कॅप्टन, ड्रायव्हर आणि क्लबातले अजून तिघंचौघं होते. सरांनी विचारलं. मी म्हटलं, "सर, सांगण्याआधी एक दाखवू?"

मी खडू घेतला. मामूच्या टायरवर रेघ मारली, उठली. पुण्याच्या टायरवर, मधल्या घासलेल्या भागावर मारली, उठली. मग आतल्या कडेवर, जो भाग डांबराला टेकलाच नव्हता, तिथे मारली. खडू घसरला. मग मी बाटली काढली, मामूच्या टायरच्या कडेला एका जागी फडक्याने जरा तेल घासलं आणि त्यावर खडू फिरवला. तोही तसाच घसरला.

सर वाकून बघत होते. "हे काय तेल आहे?"

"खोबरेल," मी म्हटलं. "आमच्याकडे पावसात सगळ्याला लावतात. आईने चार महिने लावलं. बुरशी धरली होती म्हणून. मी तिला जपून ठेव असं सांगितलं होतं."

कुणीतरी मागे फसकन हसलं. अपेक्षा होती त्यापेक्षा कमी. ड्रायव्हर हसला नाही. कॅप्टन म्हणाला, "तेल दुकानातही लावता येतं, सर. आणि तिच्या आईचं नाव पुढे करणं सोपं आहे. शनिवारी हे दोघं थांब्यावर बोलत होते."

मला वाटलं होतं तेच. मी म्हटलं, "मग चला घरी. माळ्यावर फळ्या आहेत, त्यांच्यावर गोल डाग असतील. आई घरीच आहे. तिला विचारा, पण हसू नका."

सर म्हणाले, घरी जायची गरज नाही. त्यांनी आतल्या कडेवरून बोट फिरवलं, हुंगलं, आणि ड्रायव्हरला म्हणाले, "एका दिवसात तेल एवढं आत मुरत नाही. टायर साबणाने धुवा, वरचा थर घासून काढा, पुन्हा फेऱ्या घ्या. गाडी तूच चालवायचीस." मग कॅप्टनला म्हणाले, "तू बाजूला उभा राहा आणि बघ. मनसोक्त बघ."

पुन्हा फेऱ्या झाल्या. धुतलेले, घासलेले पुण्याचे टायर पहिल्या फेरीपासून नीट चालले, तरी मामूच्या टायरच्या थोडे मागेच राहिले. चार महिने तेल प्यालेलं रबर पूर्ण सुधारणार नव्हतंच, त्यामुळे कोरे असते तर काय झालं असतं ते आता कुणालाच सांगता येणार नाही. स्पर्धेला मामूचे टायर गेले. कॅप्टनने ते मान्य केलं, पण त्याचा चेहरा मान्य करणाऱ्याचा नव्हता. मला वाटतं त्याला अजूनही कुठेतरी संशय आहे. कदाचित मलाही त्याच्याबद्दल आहे.

त्या दिवशी कॅन गोळा करताना ड्रायव्हर माझ्याजवळ आला. एकात एक कॅन घालत होता.

"टायमर मॅडम, एक विचारू?"

"विचार."

"आईचा कळला नसता, तर आज सरांना काय सांगणार होतीस?"

मी विचार केला. काहीतरी बरं बोलता आलं असतं. मी म्हटलं, "ठरवलं नव्हतं."

"ठरवलं नव्हतं," तो म्हणाला. त्याने कॅनचा ढीग उचलला. "मामूचा काय तरी असणार, असा वाटला होता ना?"

"हो."

"बरं."

तो रागावला नाही, निदान तसं दिसलं नाही. पण पुढे स्पर्धेच्या मैदानावर, मी चारही टायरची हवा बघून "बरोबर आहे" असं सांगितल्यावर तो गाडीत बसायच्या आधी खाली वाकला, माझ्या देखत एकेका टायरच्या कडेवरून अंगठा फिरवला, अंगठा नाकाशी नेला आणि मगच आत बसला. मी घड्याळ हातात घेऊन उभी होते. तो असं का करतो हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

यंदाच्या पावसाळ्यासाठीही क्लबाकडे टायर आहेत. ते कॉलेजच्या शेडमध्ये आहेत, गळतं तिथे ताडपत्री लावली आहे. आई अधूनमधून विचारते, "यंदा चाकां नाय आणलीस?" मी म्हणते, "तिकडे आता जागा झाली." तिला त्याचं वाईट वाटतं, असं मला वाटतं. माळ्यावरची पोती आणि ती साडी तिने अजून काढलेली नाही.